जिथे कोणालाही प्रवेश मिळतो, ते कॉलेज कमी दर्जाचे असते का?

कॅलिफोर्नियातील सॅन होजेच्या परिसरात राहणाऱ्या एका आईचे पत्र या वेळी निवडले आहे. कुटुंब मूळचे नाशिकचे. अनेक वर्षे अमेरिकेत आहे आणि आता सर्वांकडे ग्रीन कार्ड आहे. थोरली मुलगी जूनमध्ये हायस्कूल पूर्ण करील, धाकटा मुलगा दहावीत आहे. मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या तिन्ही कॅम्पसनी नकार दिला. यूसी मर्सेड आणि पूर्व किनाऱ्यावरील एक खासगी विद्यापीठ येथे तिला प्रवेश मिळाला आहे. खासगी विद्यापीठाचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. गेल्या दिवाळीच्या सुमारास वडिलांची नोकरी गेली आणि सध्या ते कंत्राटी काम करतात. जीवशास्त्र घ्यावे की मानसशास्त्र, हे मुलीचे अजून ठरलेले नाही. घराजवळच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षे शिकावे आणि मग यूसीमध्ये ट्रान्सफर घ्यावी, असे तिनेच सुचवले आहे. वडील म्हणतात, “एवढ्यासाठी का आपण इथे आलो?” आईने लिहिले आहे, “मंडळात भेटणारा प्रत्येक जण ‘कुठे मिळालं?’ असे विचारतो. सासूबाई-सासरे फोनवर विचारतात. तिथे तर कोणालाही प्रवेश मिळतो. पैसे वाचवण्याच्या नादात आम्ही मुलीचे नुकसान तर करत नाही ना?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने सुचवलेला मार्ग चांगला आहे आणि तुमची सध्याची परिस्थिती पाहता तो गांभीर्याने घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र तो मार्ग आपोआप पार पडणारा नाही. तुमच्या पत्रात भीती आहे, पण ती मला चुकीच्या जागी वाटते. कॉलेजच्या दर्जाची काळजी तुम्ही करत आहात. काळजी करायची ती पहिल्या वर्षाच्या आखणीची करायला हवी, कारण अनेक विद्यार्थ्यांची गाडी तिथेच रुळावरून घसरते.

आधी तुमच्या एका वाक्याकडे पाहू: “तिथे तर कोणालाही प्रवेश मिळतो.” हे खरे आहे. हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा अठरा वर्षांच्या कोणालाही कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो, आणि १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन स्वीकारला, त्यात हे विचारपूर्वक ठरवले गेले आहे. हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी आणि उरलेल्या सर्वांना कम्युनिटी कॉलेज, अशी ती रचना होती. त्या आराखड्याचा दुसरा भाग आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. सतराव्या वर्षी ज्यांना विद्यापीठाचे दार उघडले नाही, किंवा ज्यांना तेव्हा तिथला खर्च झेपला नाही, त्यांना तिसऱ्या वर्षाला तिथे येता यावे म्हणून विद्यापीठांनी जागा राखून ठेवाव्यात, असे त्यात ठरले होते. आजही बाहेरून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांमध्ये यूसी प्राधान्य देते ते राज्यातील कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाच. म्हणजे तुमची मुलगी ज्या वाटेने जाऊ पाहते, ती राज्याने मुद्दाम बांधलेली वाट आहे.

तरीही ते वाक्य मनाला का टोचते, हे मला समजते. आपण ज्या शिक्षणपद्धतीत वाढलो, तिथे महाविद्यालयाचा मान त्याने किती जणांना परत पाठवले यावर ठरत असे. बारावीच्या गुणांची यादी लागायची, कट-ऑफ वर्तमानपत्रात छापून यायचा आणि त्या आकड्यावरून मुलाची, किंबहुना घराचीही, किंमत ठरायची. तुम्ही दोघे कुठे शिकलात ते पत्रात नाही, पण तुमच्या पिढीतील अनेक जण महाराष्ट्रातील सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयांत, सरकारी खर्चावर आणि आज ऐकून विश्वास बसणार नाही इतक्या कमी फीमध्ये शिकले. त्या कमी फीचा कोणालाही कमीपणा वाटला नाही; उलट सरकारी कॉलेजात जागा मिळाली याचा अभिमान होता. म्हणजे स्वस्त आणि सार्वजनिक असण्याबद्दल आपली तक्रार कधीच नव्हती. आपल्याला सवय नाही ती निवड न करणाऱ्या कॉलेजची. पण किती जणांना नाकारले, यावरून आत काय शिकवले जाते हे कळत नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात शिक्षक किती वेळ देतात, प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काय करायला मिळते, गणित अडले तर कोणाकडे जाता येते, हे पाहावे लागते. कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांचे मुख्य काम शिकवणे हेच असते, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विज्ञानाचे वर्ग मोठ्या विद्यापीठांतील कित्येकशे विद्यार्थ्यांच्या सभागृहांपेक्षा तिथे बहुधा पुष्कळ लहान असतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या आजूबाजूला पाहून पडताळा. बे एरियातील कितीतरी मराठी घरांतील नववी-दहावीची मुले उन्हाळ्यात डी अँझा, फूटहिल किंवा ओलोनी या कॉलेजांत एखादा विषय घेतात आणि आईवडील ते कौतुकाने सांगतात, कारण विद्यापीठाच्या अर्जात ते उठून दिसते. अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी स्त्रियांनी याच कॉलेजांत अकाउंटिंग शिकून किंवा बालशिक्षणाचे विषय पूर्ण करून इथली पहिली नोकरी मिळवली आहे. हायस्कूलमध्ये असताना जो वर्ग हुशारीचा ठरतो, तोच वर्ग हायस्कूल संपल्यावर कमीपणाचा कसा ठरावा? वर्ग, पुस्तक आणि शिक्षक तेच असतात.

आता पैशांबद्दल, कारण पत्रात तुम्ही तो विषय संकोचाने मांडला आहे आणि संकोच करण्याचे काहीही कारण नाही. राज्यातील रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर पद्धतीत प्रत्येक युनिटला (विषयाचा भार मोजण्याच्या एककाला) ४६ डॉलर आहे; डी अँझात क्वार्टर, म्हणजे छोट्या सत्रांची, पद्धत असल्याने ती युनिटला ३१ डॉलर पडते. तीन क्वार्टरमध्ये ४५ युनिट घेतले, तर वर्षाची मूळ फी १,३९५ डॉलर होते. त्यावर आरोग्य शुल्क, इतर किरकोळ शुल्के, पुस्तके आणि जाण्यायेण्याचा खर्च येतो. शिवाय उत्पन्न कमी असल्यास कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटखाली ही मूळ फीदेखील माफ होते, आणि पहिल्यांदाच कॉलेजात येऊन पूर्णवेळ शिकणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत फीमाफी देण्यासाठी राज्य कॉलेजांना वेगळा निधी देते. याउलट यूसीची रहिवाशांसाठीची फीच वर्षाला १५ हजार डॉलरच्या आसपास आहे, आणि कॅम्पसजवळ राहायचे तर एकूण खर्च ४० हजारांच्या घरात किंवा त्यापुढे जातो. खासगी विद्यापीठाचा आकडा तुम्हीच लिहिला आहे. त्याची चार वर्षांची बेरीज सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास होते. घरात एकच पगार, तोही कंत्राटी, आणि दोन-अडीच वर्षांत धाकटाही कॉलेजला येणार. अशा वेळी ते कर्ज मुलीच्या किंवा तुमच्या नावावर चढवणे मला योग्य वाटत नाही. शिष्यवृत्तीने तो आकडा निम्म्याहूनही खाली आला, तर मात्र नव्याने विचार करावा. पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना अशी विद्यापीठे जी शिष्यवृत्ती देतात, ती ट्रान्सफरने येणाऱ्यांना बहुधा तेवढी मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

यात एक गोष्ट या आठवड्यातच करा. सरकारी साहाय्यासाठी भरायच्या फॅफ्सा अर्जात दोन वर्षांपूर्वीच्या कराचे आकडे धरले जातात. म्हणजे तुमच्या पतीची नोकरी शाबूत होती, त्या काळाचे उत्पन्न तुमच्या अर्जावर दिसत असणार, आणि मर्सेडने तुम्हाला दाखवलेली मदत त्यावरच आधारलेली असणार. प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला परिस्थिती बदलल्याचे कागद देऊन फेरविचार मागता येतो. नोकरी गेल्याचे पत्र, बेकारी भत्त्याची नोंद आणि सध्याच्या कमाईचे पुरावे जोडून मर्सेड आणि डी अँझा या दोन्ही ठिकाणी अशी मागणी करा. कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानाची नेहमीची मुदत २ मार्चला संपते, पण कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी २ सप्टेंबर ही दुसरी मुदत असते. मदत मागायला आपल्या माणसांना जड जाते. तुम्ही इतकी वर्षे इथे कर भरला आहे, ही मदत त्यातूनच दिली जाते.

फेरविचारानंतर मर्सेडचा खर्च किती उरतो, ते जरूर पाहा. पत्रात मर्सेडचा उल्लेख एका ओळीत आला आणि गेला, जणू तो प्रवेश मिळालाच नाही. २००५ साली सुरू झालेला यूसीचा हा सर्वांत नवा कॅम्पस आहे आणि मंडळात त्याचे नाव फारसे घेतले जात नाही, एवढाच त्याचा दोष दिसतो. मुलीला घरापासून दूर राहण्याची ओढ असेल, चार वर्षे एकाच ठिकाणी मैत्री आणि प्राध्यापकांशी ओळख वाढावी असे वाटत असेल, आणि साहाय्यानंतरचा खर्च झेपणारा असेल, तर मर्सेड हा उत्तम पर्याय आहे. तिला एकदा तिथे घेऊन जा. नाव कमी ऐकलेले आहे, एवढ्या कारणाने ती जागा सोडू नका.

आता ज्या गोष्टीची काळजी खरोखर करायला हवी, तिच्याकडे येतो. संपूर्ण अमेरिकेचा विचार केला, तर कम्युनिटी कॉलेजात येणारे बहुसंख्य विद्यार्थी पुढे चार वर्षांची पदवी घेण्याच्या इराद्याने येतात, पण ढोबळमानाने तिघांपैकी एकच ट्रान्सफर घेतो आणि सहा वर्षांत पदवी हाती येते ती साधारण सहांपैकी एकाच्या. हा आकडा दडवून मी तुम्हाला धीर देणार नाही. पण तो नीट समजून घ्या. त्यात दोन नोकऱ्या करणारे आहेत, लेकुरवाळे आहेत, पंधरा वर्षांनी पुन्हा शिकू पाहणारे आहेत. दर्जेदार शाळेतून आलेली, घरचा आधार असलेली आणि पूर्णवेळ शिकणारी मुलगी या सरासरीत चपखल बसत नाही. डी अँझा तर यूसीला सर्वाधिक विद्यार्थी पाठवणाऱ्या कॉलेजांपैकी एक आहे. तरीही जी कारणे इतरांना मागे खेचतात, त्यांतील काही तिच्याही वाटेत येऊ शकतात: चुकीचे विषय घेणे, ओळीने घ्यायच्या विषयांची एखादी मालिका अर्धवट सोडणे, उशिरा नोंदणी केल्याने वर्गात जागा न मिळणे, आणि आपले नेमके काय ठरले आहे हे कोणालाच ठाऊक नसणे.

यातली सर्वांत निसरडी जागा म्हणजे वेळापत्रक. दोन वर्षे हातात आहेत असे वाटते, पण यूसीचा ट्रान्सफर अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो. त्याआधी सप्टेंबरमध्ये हमीच्या प्रवेशाचा, म्हणजे ‘टॅग’चा, अर्ज असतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ठरलेले विषय आणि ठरलेली गुणांची सरासरी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी देतात; ती एका वेळी एकाच कॅम्पसकडे मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत, पण तिथे नेहमीचा अर्ज करता येतोच. गर्दीच्या काही विषयांना ही हमी लागू नसते आणि नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचे नियमच पाहावेत. या सगळ्याचा अर्थ असा, की अर्ज करताना मुलीच्या हाती केवळ पहिल्या वर्षाचे आणि फार तर त्यानंतरच्या उन्हाळ्याचे गुण असतील. पहिले वर्ष चाचपडण्यात गेले, तर दोन वर्षांची तीन होतात.

म्हणूनच विषय ठरलेला नसण्याचा प्रश्न मला कॉलेजच्या नावापेक्षा मोठा वाटतो. स्वस्त कॉलेजात निरनिराळे विषय चाखून पाहता येतात हे खरे असले, तरी जीवशास्त्राची वाट लांब पायऱ्यांची आहे. सामान्य रसायनशास्त्राचे तीन क्वार्टर ओळीने होतात, त्यानंतरच सेंद्रिय रसायनशास्त्र घेता येते. जीवशास्त्राची मालिका आणि कलनशास्त्र वेगळे. पहिल्या क्वार्टरला रसायनशास्त्र सुटले, की पुढचे सगळे मागे पडते. मानसशास्त्राकडे वळणे त्या मानाने सोपे असते. तेव्हा पहिल्या क्वार्टरला रसायनशास्त्र, गणित आणि मानसशास्त्राचा पहिला विषय असे घ्यावे, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या राहतात आणि डिसेंबरपर्यंत तिला स्वतःचा कल कळू लागतो. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येते. डेव्हिसचे जीवशास्त्र आणि अर्व्हाइनचे मानसशास्त्र असे दोन-तीन पर्याय मुलीने स्वतः तिथे उघडून, छापून, कौन्सेलरसमोर ठेवावेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी सर्वांना सक्तीचे असलेले सामान्य शिक्षणाचे सगळे विषय आधी संपवण्याच्या मागे न लागता मुख्य विषयाची पूर्वतयारी आधी करावी, हेही कौन्सेलरशी बोलून ठरवा. पुढे वैद्यकीय शिक्षणाचा विचार असेल, तर काही मेडिकल स्कूल विज्ञानाचे सगळे पायाभूत विषय कम्युनिटी कॉलेजात झालेले असल्यास नाखूश असतात. ट्रान्सफरनंतर विद्यापीठात वरच्या पातळीचे विज्ञानाचे विषय चांगल्या गुणांनी केले, की ही शंका बरीचशी दूर होते.

डी अँझाचा अर्ज मोफत आहे आणि तिथले शरद सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते, म्हणून ‘वेळ आहे’ असे वाटेल. पण ओरिएंटेशन, कौन्सेलरची भेट आणि शैक्षणिक आराखडा पूर्ण केलेल्यांना नोंदणीची आधीची तारीख मिळते, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील जागा पटकन भरतात. हे सगळे जूनच्या आत व्हावे.

यानंतर घराबद्दल थोडे मोकळेपणाने लिहितो. मुलगी घरी राहून शिकणार म्हटल्यावर आपल्याकडे एक गोष्ट नकळत घडते: “तू घरीच आहेस ना” असे म्हणत धाकट्याला क्लासला सोडणे, पाहुण्यांचे करणे, आजी-आजोबा आले की त्यांना दवाखान्यात नेणे, ही कामे तिच्याकडे येऊ लागतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला आपण मंगळवारी दुपारी असे बोलावले नसते. तिच्या अभ्यासाचे तास कॉलेजच्या वेळापत्रकाइतकेच पक्के माना. तिनेही वर्ग संपताच घरी न परतता ग्रंथालयात, शिकवणी केंद्रात, एखाद्या विद्यार्थी गटात दिवस घालवावा, कारण घरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची खरी उणीव मैत्रीची असते. कायद्याने कॉलेजातील विद्यार्थ्याचे गुण त्याच्या परवानगीशिवाय पालकांना सांगितले जात नाहीत. तेव्हा क्वार्टरच्या शेवटी एकदा एकत्र बसून पुढचे विषय आणि गुण पाहायचे, एवढे तिच्याशी आधीच ठरवा आणि मधल्या काळात विचारपूस आवरा.

तुमच्या पतींचे वाक्य मी पुन्हा वाचले. नोकरी गेलेल्या माणसाच्या तोंडून ते आले आहे, आणि मला त्यात कॉलेजपेक्षा स्वतःबद्दलची खंत जास्त ऐकू येते. आपण कमी पडलो म्हणून मुलीला तडजोड करावी लागते, असे त्यांना वाटत असावे. त्यांच्याशी आकड्यांवर वाद घालू नका. मुलीला सांगा, की हा पर्याय तिला का पटला ते तिनेच बाबांना समजावून सांगावे आणि वर लिहिलेला आराखडा त्यांच्यासोबत बसून पूर्ण करावा. मात्र त्याआधी तुम्ही तिला एकटीला एक प्रश्न विचारा: घरची चणचण पाहून ती मन मारत आहे का? उत्तर “थोडेसे” असे आले, तरी डी अँझाचा पर्याय बाद होत नाही. पण मग मर्सेडचा फेरविचार होईपर्यंत थांबणे तिच्या दृष्टीने न्याय्य ठरेल. पदवी शेवटी ज्या विद्यापीठातून मिळते, त्याचेच नाव तिच्यावर असते, हेही वडिलांच्या कानावर घाला.

नाशिकला फोनवर काय सांगायचे, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे. स्पष्ट आणि थोडक्यात सांगा: “ती दोन वर्षे इथल्या सरकारी कॉलेजात विज्ञान शिकणार आहे आणि मग विद्यापीठात जाणार आहे.” सासऱ्यांना अवकाशाची आवड असेल, तर त्यांना आयलीन कॉलिन्स यांच्याबद्दल सांगता येईल. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून त्या पुढे सिरॅक्यूस विद्यापीठात गेल्या आणि १९९९ साली अंतराळयानाचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या अमेरिकी महिला ठरल्या. त्या मोहिमेत अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीला आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून ‘चंद्रा’ हे नाव दिले आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर काही घरांची परिस्थिती वेगळी असेल. मुले एच-४, म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, व्हिसावर असतील, तर त्यांना फॅफ्साची संघीय मदत मिळत नाही. राज्यातील रहिवाशाची फी कॅलिफोर्नियात त्यांना लागू होऊ शकते. त्यासाठी सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्षाहून अधिक वास्तव्य आणि त्याचे पुरावे लागतात, आणि याचे उत्तर प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्यावे. शिवाय २१ वर्षे पूर्ण होताच मुलाला एच-४ वर राहता येत नाही, आणि कम्युनिटी कॉलेजच्या वाटेवर तो दिवस नेमका ट्रान्सफरच्या आसपास येतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागल्यास फी रहिवाशाची उरेल की परराज्याची, हे ज्या विद्यापीठात जायचे त्याच्याकडे आधीच विचारून ठेवा. भारतातून थेट एफ-१ वर येऊ इच्छिणाऱ्यांना तर युनिटमागे कित्येक पट फी पडते. त्यांनी वर दिलेले आकडे स्वतःला लावू नयेत.

ताई, यूसीला होकार कळवण्याची मुदत १ मे आहे. तोपर्यंत साहाय्याच्या फेरविचाराचे उत्तर आले नाही, तर मर्सेडच्या प्रवेश कार्यालयाला मुदतवाढ मागणारे पत्र मुलीच्या नावाने पाठवा, आणि त्याच आठवड्यात डी अँझाच्या कौन्सेलरची वेळही घेऊन ठेवा.